भैरूचा शनिवार

आमच्या सोसायटीत साडेसाती नसलेलं घर शोधून सापडायचं नाही. ज्यांना साडेसाती नाही त्यांना अडीचकी आहे, आणि ज्यांना दोन्ही नाही त्यांना जावई आहे. पंचवटीतले एक गुरुजी दर शुक्रवारी संध्याकाळी मोबाईलवर व्हिडिओ टाकतात आणि शनिवारी काय करायचं ते सांगतात. गेलं वर्षभर त्यांचा उपाय ठरलेला होता. तेलाचं बोट फिरवलेली पोळी, वर गुळाचा खडा, आणि ती काळ्या कुत्र्याला घालायची.

आता गंगापूर रोडला काळी कुत्री अशी असून किती असणार? आमच्या गल्लीत दोन होती. शनिवारी त्यांना इतकं मिळायचं की उन्हं वर येईपर्यंत ती पोळी नुसती हुंगून तोंड फिरवायची. काळ्या कुत्र्यानं पोळी नाकारली तर त्याचा अर्थ काय होतो, यावर गुरुजींचा वेगळा व्हिडिओ आहे. तो ज्यांनी पाहिला त्यांची झोप उडाली आणि त्या सगळ्यांची नजर भैरूवर गेली. भैरू लॅब्रडॉर, अंगावर औषधालाही पांढरा केस नाही, आणि खाण्याचा पदार्थ त्यानं जन्मात कधी नाकारलेला नाही.

भैरू हिरामण सोनवण्यांचा. हिरामणराव मूळचे सायखेड्याचे. अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. समोर आलेला माल मोजायचा आणि त्यावर पास, रिजेक्ट किंवा, दुरुस्त होण्यासारखा असेल तर, रिवर्कचा शिक्का मारायचा, यात उभी हयात गेली. रिटायर झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून ते घर तपासायला लागले. पोळी सगळीकडून सारखी जाड आहे का, दुधावर साय किती, गॅसची ज्योत निळी की पिवळी. बायको मंगलाबाई म्हणजे शांत माणूस, पण एक दिवस त्यांनी लाटणं पुढं केलं आणि म्हणाल्या, "घ्या, तुम्हीच लाटा." मग पुण्याच्या लेकीनं बापाला गुंतवायला कुत्र्याचं पिल्लू आणून दिलं. तिनं नाव ठेवलं ब्रुनो. मंगलाबाईंनी त्याचं भैरू केलं. वाटी मंगलाबाईंच्या हातात असल्यामुळे पिल्लानं भैरू हेच नाव मान्य केलं.

हिरामणरावांचा त्या कुत्र्यावर एवढा जीव की लेकीला वाटावं, आपण पिल्लू आणून चूक केली. भैरू खूप पाणी पितोय आणि वाळत चाललाय हे त्यांच्याच लक्षात आलं. ते त्याला डॉक्टर पल्लवीकडं घेऊन गेले. ही जनावरांची डॉक्टर, वयानं लहान, बोलायला सरळ.

"डायबेटीस आहे," ती म्हणाली. "दोन वेळा इन्सुलिन, ठरलेलं खाणं, ठरलेल्या वेळी. साखर अशीच चढती राहिली तर आधी डोळे जातील, मग बाकीचं. डाव्या डोळ्यात धुरकट दिसायला लागलंयच."

हिरामणरावांनी जवळची पाण्याची बाटली तोंडाला लावली. तपासणीच्या खोलीत आल्यापासून त्यांची ती दुसरी बाटली होती. पल्लवीनं बाटलीकडं पाहिलं. "काका, तुमची शुगर कधी तपासलीत?"

"मला काय धाड भरलीये?"

"यांची पँट कमरेतून गळतीये, डॉक्टर," मंगलाबाई म्हणाल्या. "पट्ट्याला नवं भोक पाडलं."

"चालणं वाढलंय माझं," हिरामणराव म्हणाले. "डॉक्टर, तू कुत्र्याचं बोल."

कुत्र्याचं बोलणं मग सेन्सरवर आलं. भैरूच्या मानेवरचे केस भादरून तिथं रुपयाएवढं बटण चिकटवायचं. बटणाखाली केसासारखी बारीक तार, ती कातडीखाली जाते. तारेवर एक रसायन असतं. अंगातल्या पाण्यातली साखर त्याला भेटली की चिमूटभर वीज तयार होते. साखर जास्त, तर वीज जास्त. बटण ती वीज मोजतं आणि मोबाईलवर आकडा दाखवतं, शेजारी तो वर चाललाय की खाली ते सांगणारा बाण. पल्लवीनं दोन गोष्टी बजावल्या. एक, नुसत्या बटणावर विसंबायचं नाही, शंका आली की कानातून थेंबभर रक्त घेऊन छोट्या मशीनवर बघायचं. ते मशीन जनावरांचं होतं, त्यावर आधी कुत्रा की मांजर ते निवडावं लागायचं. आणि दुसरी, तिला विचारल्याशिवाय इन्सुलिनच्या डोसाला हात लावायचा नाही.

रिटायर झाल्यापासून हिरामणराव इतके खूश कधी दिसले नव्हते. दिवसभर मोजता येईल अशी वस्तू घरात आली होती, आणि ती शेपूटही हलवायची. भैरूचा आकडा दुसऱ्यांच्या मोबाईलवरही दिसायची सोय होती. हिरामणरावांनी घरोघर जाऊन ती सगळ्यांना लावून दिली आणि 'भैरू शुगर कमिटी' नावाचा ग्रुप काढला. सोसायटीचा सेक्रेटरी संतोष कमिटीचा अध्यक्ष, दुसऱ्या मजल्यावरच्या मोहिनीताई उपाध्यक्ष. कुत्र्याची साखर खाली गेली की सगळ्यांच्या मोबाईलवर एकदम भोंगा वाजणार. सकाळी गेटपाशी माणसं "नाश्ता झाला का" ऐवजी "किती आहे" असं विचारू लागली. हातात दोन चमचे साखरेचा चहा आणि तोंडी कुत्र्याच्या पथ्याची चर्चा. स्वतःची साखर किती, हे विचारलं असतं तर त्यातल्या एकालाही सांगता आलं नसतं.

हिरामणरावांनी घरातली साखर, गूळ, मधाची बाटली, सगळं मोहिनीताईंना देऊन टाकलं. "सोर्सच नको," म्हणाले. स्वतः मात्र रोज फिरायला म्हणून जायचे आणि मिशीला जिलबीचा पाक लावून यायचे.

सहा वार सगळं ठीक चाललं. ग्राफ घोटीच्या भातखाचरासारखा सपाट. शनिवारी मात्र सकाळी तो उठायचा आणि अंजनेरीचा डोंगर व्हायचा. दुपारभर तिथंच बसायचा.

शनिवारी सकाळी हिरामणराव मारुतीला जायचे. भैरूला बरं वाटावं म्हणून नवस होता. तेवढा वेळ ते भैरूला उन्हाला म्हणून खाली पार्किंगच्या खांबाला बांधून ठेवायचे. ते गेटबाहेर पडले की जिन्यातून एकेक जण उतरायचा. कुणी कचरा टाकायला, कुणी गाडी पुसायला. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. दुसरा कुणी दिसला तर माणूस गाडी पुसत राहायचा आणि तो गेला की भैरूजवळ जायचा. कारण उपाय दाखवून करायचा नसतो, आणि आपल्या मागं शनी लागलाय हे शेजाऱ्याला कळलेलं कुणालाच नको असतं. म्हणून प्रत्येकाला वाटायचं, पोळी काय ती आपलीच. एका पोळीनं कुत्र्याचं काय बिघडतंय?

सगळ्यांत आधी पोळी असायची मंगलाबाईंची.

त्यांना मजा नव्हती त्यात. गुरुजींनी त्यांना फोनवर सांगितलं होतं की मालकांची मीन रास, प्रकृतीला जपा, शनिवार चुकवू नका. मंगलाबाईंना ते पटायला गुरुजींची गरजच नव्हती. रात्री चार वेळा उठणारा नवरा त्यांना दिसत होता. पायाला मुंग्या येतात म्हणून तळवे चोळत बसलेला दिसत होता. दवाखान्याचं नाव काढलं की हा माणूस भांडं आदळायचा. आता बाईमाणसानं करायचं काय? दवाखाना हातात नव्हता, शनी होता. पण पोळी घालावी तर भैरूचे डोळे जाणार, न घालावी तर मालकाचं काही बरंवाईट होणार. दर शनिवारी त्या मोहिनीताईंकडून "खोकल्याला" म्हणून गुळाचा खडा आणायच्या, पोळीवर ठेवायच्या आणि भैरूपुढं बसून म्हणायच्या, "खा रे बाबा. मला माफ कर." भैरू लगेच माफ करायचा.

डोंगराचं कारण शोधायला हिरामणरावांनी सोसायटीच्या ऑफिसात मीटिंग बोलावली. भिंतीवर मोठा कागद लावून माशाचा सांगाडा काढला. कारखान्यात दोष सापडला की असंच करायचे. एकेका काट्यावर एकेक कारण. मशीन, माल, हवा, पद्धत, माणूस.

"मशीनमध्ये खोट असेल," संतोष म्हणाला.

"कंपनीला विचारलं. नाय. कानातल्या रक्ताचा आकडा पण तोच येतो."

"शनिवारी लाईट जाते," मोहिनीताई म्हणाल्या. "पंखा बंद. उकाड्यानं चढत असेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी म्हणालं, शनिवारी भोंग्यावर मारुतीची गाणी लागतात, कुत्र्याच्या जिवाला ताण येत असेल. कुणी म्हणालं, धरणाचं पाणी बदललंय. लोकं इतक्या गंभीरपणे बोलत होती की हिरामणरावांनी सगळं लिहून घेतलं. माणूस या काट्यापाशी ते थांबले, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "इथं सगळे आपलेच लोक हायत." त्यापुढं त्यांनी 'लागू नाही' असं लिहिलं. मंगलाबाई दारात उभ्या होत्या, त्या चहा बघायला घराकडं वळल्या.

पल्लवीला ग्राफ दाखवला तेव्हा तिनं माशाच्या कागदाकडं न बघता विचारलं, "शनिवारी कोण खायला घालतं याला?"

"कोणीच नाय. कमिटी हाय, डॉक्टर!"

"कुणीतरी घालतंय. आधी ते शोधा. तोवर डोस आहे तोच."

हिरामणरावांना हे फार लागलं. कमिटीवर अविश्वास म्हणजे त्यांच्यावरच अविश्वास. चाळीस वर्षांत आपल्या सहीवर कुणाची सही घेतली नव्हती त्यांनी! ते घरी आले, ग्राफपुढं बसले आणि त्यांनी ठरवलं की कारण सापडेल तेव्हा सापडेल, तोवर डोंगर तरी कापू. शनिवारच्या इन्सुलिनचा डोस त्यांनी आपल्या मनानं वाढवला. इंजेक्शन तेच द्यायचे, त्यामुळे मंगलाबाईंनाही पत्ता नव्हता. त्या शनिवारी डोंगराची टेकडी झाली. पुढच्या शनिवारी त्यांनी डोस अजून थोडा चढवला, आणि टेकडीचा उंबरठा झाला. "प्रोसेस कंट्रोलमध्ये आली," असं त्यांनी ग्रुपवर टाकलं. लोकांनी अंगठ्यांची, हारांची चित्रं टाकली, आणि गुपचूप पोळीवरचा गूळ जरा वाढवला. कुत्र्याला बरं वाटतंय म्हणजे आता हरकत नव्हती.

आणि मग शनी वक्री झाला.

शुक्रवारी गुरुजींचा व्हिडिओ आला. शनी उलटा चालू लागलाय, आता कुत्रा चालणार नाही, कावळा हवा. कावळा शनीचं वाहन. उंच जागी, सूर्य वर आला की, तीच पोळी, तोच गूळ.

मंगलाबाईंनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि देवापुढं जास्तीचा दिवा लावला. आता भैरूला काही घालायला नको. मालकही राहतील आणि कुत्र्याचे डोळेही राहतील. शनीचे एवढे उपकार कुणी मानले नसतील.

शनिवारी सकाळी हिरामणरावांनी भैरूला ठरलेलं खाऊ घातलं, आपला वाढीव डोस टोचला, त्याला खांबाला बांधलं आणि ते मारुतीला गेले. भैरू शेपूट हलवत जिन्याकडं बघत बसला. जिन्यातून कुणीच उतरलं नाही. सगळे वर गेले होते.

मंगलाबाई गच्चीवर पोचल्या तेव्हा पाण्याच्या टाकीपाशी मोहिनीताई उभ्या होत्या. पदराखाली काहीतरी होतं.

"वाळवण बघायला आले," मोहिनीताई म्हणाल्या. गच्चीवर वाळवण नव्हतं.

टाकीच्या मागून संतोष निघाला. त्याच्या हातात कागदाची पुडी होती आणि तिला तेल सुटलं होतं. मग जिन्याचं दार वाजत राहिलं. तळमजला, पहिला मजला, तिसरा मजला, सगळी भैरू शुगर कमिटी गच्चीवर जमली. प्रत्येकाच्या हातात पोळी, आणि कठड्यावर एकच कावळा. तोही एवढी गर्दी बघून उडायच्या बेतात.

"म्हणजे तुम्ही पण?" मोहिनीताईंनी संतोषला विचारलं.

"मी आजच," अध्यक्ष म्हणाले. "कावळ्यालाच. कुत्र्याला कधी..."

सगळे एकमेकांच्या हातातल्या पोळ्या मोजत होते, आणि आजवरचे शनिवार मनात आठवत होते. एकेक पोळी म्हणता म्हणता चवड किती व्हायची, ते तिथं उघड्यावर दिसत होतं. मंगलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "लेकरानं माझ्या एवढं खाल्लं?" त्या म्हणाल्या.

तेवढ्यात गच्चीवरचे सगळे मोबाईल एकदम कोकलले. आकडा खाली चालला होता आणि बाणाचं टोक जमिनीकडं होतं.

हिरामणराव नुकतेच मारुतीहून परतले होते. भैरूचे पाय लटपटत होते. त्याला उचलून त्यांनी घरात आणलं, मशीन काढलं, कानातला थेंब घेतला. आकडा बटणापेक्षाही खाली. पल्लवीला फोन लावला. "गुळाचं पाणी किंवा मध, काहीही गोड," ती ओरडली. "हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका! मी निघालेच!"

हिरामणरावांनी डबे उघडले. साखरेच्या डब्यात मेथ्या होत्या. गुळाच्या डब्यात जवस होतं. पिशवीत मारुतीचा नारळ होता, तो काय कामाचा? सोर्सच नको म्हणून त्यांनीच घर धुऊन काढलं होतं. ते जमिनीवर बसले, भैरूचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचं अंग थडथडत होतं आणि डोळे कुठंच बघत नव्हते. "मंगल!" त्यांनी हाक मारली.

दार उघडंच होतं. मंगलाबाई धावत आत आल्या, पोळीवरचा गूळ वाटीत चुरगळला, पाण्यात कालवला आणि भैरूच्या हिरड्यांना चोळायला लागल्या. वाटी संपली तशी मोहिनीताईंनी आपला गूळ पुढं केला, मग संतोषनं आपला. भैरूची जीभ हलली. मग ओठ चाटले. थोड्या वेळानं त्यानं मान उचलली, आणि बाणाचं टोक वर वळलं.

हिरामणरावांनी तेव्हा कुठं वर पाहिलं. दारात अख्खी कमिटी उभी होती. सगळ्यांना धाप लागलेली, प्रत्येकाच्या हातात तेल लावलेली पोळी. भैरूनंही पाहिलं. उठायची ताकद नव्हती, पण शेपूट फरशीवर आपटायला लागली. त्यानं ओळखीचे हात एकेक करून बघितले आणि प्रत्येक हातासाठी वेगळ्यानं शेपूट हलवली. शनिवार होता आणि सगळे उशिरा का होईना आले होते.

हिरामणरावांना माशाचा तो 'माणूस' लिहिलेला काटा आता दिसला. तो दारापासून जिन्यापर्यंत उभा होता.

"तू पण, मंगल?" ते म्हणाले.

"हो, मी पण!" मंगलाबाईंचा आवाज चढला, तो त्या घरात कुणी कधी ऐकला नव्हता. "कुणासाठी? तुमच्यासाठी. रात्री चार चार वेळा उठता, पाय चोळत बसता, पँट गळून पडतीये. दवाखान्यात चला म्हटलं की भांडी आदळता. कुत्र्याची साखर दिवसभर मोजता, अन् स्वतःची इचारली की धाड! मग मी काय करू? शनीकडं नाय जाऊ तर कुणाकडं जाऊ? तुमच्यापायी ह्या मुक्याचा जीव चालला होता माझ्या हातनं."

"डोस मी वाढवला होता," हिरामणराव हळूच म्हणाले.

मंगलाबाईंनी ऐकलं. जमिनीवर पडलेलं मशीन उचललं, नवी पट्टी घातली आणि नवऱ्याचा हात ओढला.

"अगं, ते जनावराचं मशीन हाय!"

"म्हणूनच," मंगलाबाई म्हणाल्या. मशीननं विचारलं, कुत्रा की मांजर. त्यांनी एकदा नवऱ्याकडं नीट पाहिलं, कुत्र्याचं बटण दाबलं आणि बोटाला सुई टोचली.

आकडा आला. भैरूच्या कुठल्याही शनिवारी एवढा आला नव्हता.

"मशीनमध्ये फरक पडतो," हिरामणराव म्हणाले. "दुसरं सॅम्पल घे."

मंगलाबाईंनी दुसरं बोट टोचलं. तेवढाच आला.

पल्लवी जिना चढून आली होती. तिनं आधी भैरूला तपासलं, मग मशीन हातात घेतलं. "जनावरांच्या मशीनवर थोडं इकडं तिकडं होतं, काका," ती म्हणाली. "एवढं नाही होत. भैरूचं मी बघते. तुम्ही आत्ताच्या आत्ता माणसांच्या दवाखान्यात जा."

हिरामणराव त्या आकड्याकडं बघत होते. एक हात भैरूच्या डोक्यावर होता, दुसऱ्याच्या बोटावर मंगलाबाई कापूस दाबून बसल्या होत्या.

"रिजेक्ट," ते म्हणाले.

"काय नाय रिजेक्ट," मंगलाबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पदरानं पुसले, पण नवऱ्याचं बोट सोडलं नाही. "रिवर्क."

दारात मोहिनीताईंनी आपली पोळी चपलांच्या कपाटावर ठेवली. घसा साफ केला. "मंगलाकाकू," त्या म्हणाल्या, "त्यात अजून पट्ट्या आहेत का हो?"

त्यांच्या मागं संतोष रुमालानं बोटाचं तेल पुसत होता.